देवानं घातलेलं जोतं आणि आपण उभ्या केलेल्या भिंती

प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काम करणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "विवाहपूर्व वर्गात आम्हाला शिकवलं की विवाह, कुटुंब, काम, विसावा आणि शासन या गोष्टी देवानं नेमून दिल्यात, माणसांचा समाज त्यांच्यावर उभा आहे. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, 'मग बापाचा शब्दही देवानंच नेमलाय आणि आपल्यातलीच मुलगी करायची ही रीतही.' मुलगी ख्रिस्ती आहे, मंडळीची म्हणजे चर्चची सभासद आहे. फक्त तिच्या पणजोबांची पूर्वाश्रमीची जात वेगळी आणि आमच्या पणजोबांची वेगळी. वडिलांचं चुकतंय का, आणि चुकत असेल तर कुठं?"

माझ्या मते चुकतंय. पण सगळंच चुकत नाही. आणि जिथं चुकतंय तिथं मीही चुकलोय, तेसुद्धा पाळक म्हणून, बायबल हातात धरून. चौतीस वर्षं या जिल्ह्यात मंडळ्या सांभाळल्या, शे-दीडशे लग्नं लावली, त्यातली काही मोडतानाही बघितली. तेव्हा जे लिहितोय त्यातलं बरंचसं लोकांच्या घरात बसून शिकलेलं आहे.

आधी किल्ली घे. ती येशूनंच दिलीय, मत्तयाच्या शुभवर्तमानात, १९ व्या अध्यायात. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, त्याला विचारतात, बायको टाकणं योग्य आहे का? मोशेनं सूटपत्र लिहून द्यायची मुभा दिली होती, म्हणजे प्रत्यक्ष शास्त्रातला आधार त्यांच्या हातात होता. येशू तो आधार खोटा म्हणत नाही. तो म्हणतो, तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे मोशेनं ते चालू दिलं, आरंभापासून तसं नव्हतं. आणि तो त्यांना बायबलच्या पहिल्याच पुस्तकाकडे, उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांकडे घेऊन जातो. म्हणजे शास्त्रात नोंदलेल्या, खुद्द मोशेच्या नावावर असलेल्या रीतीलाही येशू विचारतो: तू आरंभीची, की कठोरपणामुळे नंतर आलेली? मग आपल्या घराण्याच्या रीतीला हा प्रश्न विचारायला कसला संकोच?

२०१९ च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर पंचगंगेकाठच्या एका गावात मंडळीतल्या एका कुटुंबाकडे गेलो होतो. जुनं घर, पांढऱ्या मातीच्या भिंती, सगळ्या बसलेल्या. काळ्या दगडाचं जोतं तेवढं जागेवर. दोघं भाऊ आणि त्यांची पोरं खराट्यानं चिखल लोटत होती. फरशी उघडी पडली तेव्हा दिसलं की बाकीच्या भिंती जिथं होत्या तिथं खाली दगडाची ओळ आहे. दोघा भावांची घरं वेगळी करणाऱ्या मधल्या भिंतीखाली मात्र काहीच नाही, ती नुसती फरशीवर उभी केलेली. थोरला म्हणाला, "ही भिंत आज्ज्याच्या काळापासनं हाय." त्यांची म्हातारी आई उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "न्हाय रं. तुझ्या बापाच्या भांडणातली हाय. मी लगीन करून आले तवा न्हवती."

उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय मला त्या म्हातारीसारखे वाटतात. भिंत नव्हती तेव्हाचं त्यांना आठवतं.

तर आरंभी काय होतं? सगळ्यात आधी होतं प्रतिरूप. विवाहाच्या, कामाच्या, कुठल्याही व्यवस्थेच्या आधी उत्पत्ती १:२७ म्हणते की देवानं आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला, नर व नारी अशी ती निर्माण केली. त्या काळी आजूबाजूच्या देशांत देवाची प्रतिमा म्हणजे राजा. इथं ते पद सगळ्या माणसांना, बाईला आणि पुरुषाला, एकाच वाक्यात दिलंय. वर्गांमध्ये आम्ही पाळक लोक हे घाईत उरकतो आणि विवाहावर येतो. मग सगळी इमारत तिरकी होते. बाकीच्या नेमणुकी या प्रतिरूपाची काळजी घेण्यासाठी आहेत. एखादी रीत माणसाला त्या पदावरून खाली खेचत असेल, तर ती देवानं घातलेली नाही असं मी सरळ धरतो.

मग काम. हे आदाम-हव्वेच्या पापाच्या आधीचं आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. कष्ट म्हणजे आदामाला मिळालेला शाप, असं कितीतरी लोक मला सांगतात. शाप घामाला आणि काट्यांना आहे. काम त्याच्या आधीच, उत्पत्ती २:१५ मध्ये दिलंय: बागेची मशागत कर आणि राखण कर. मशागतीसाठी तिथं जो इब्री शब्द आहे तोच पुढं देवाच्या सेवेसाठी, उपासनेसाठी येतो. तू फौंड्रीत साचा भरतोस, तेही याच आज्ञेत बसतं. आणि राखण हा शब्द विसरू नकोस. रंकाळ्यात आणि पंचगंगेत आपण जे सोडतो ते बघितलं की आपल्याला मशागत पाठ आहे आणि राखण येत नाही, असं वाटतं. असो, तो वेगळा विषय.

कामाला लागूनच विसावा. यावर जरा रेंगाळतो, कारण तुझ्या वर्गात यावर पाच मिनिटंही दिली नसतील. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची आज्ञा जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात, पाचव्या अध्यायात वाच. तिथं नुसतं "तू विसावा घे" असं नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझा गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा, यांना तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. का, तर तूही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास. आपल्याकडे बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्या शेतकरी ख्रिस्ती घरांतही तो दिवस पाळतात, शिंगं रंगवतात, पोळी चारतात. बैलाला सुट्टी पाहिजे हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. पण त्याच शिवारात हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या येतात, बायका पहाटे कोयता घेऊन फडात उतरतात, रात्री-बेरात्री गाडी भरायची पाळी आली तर तीही करतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना "आज नको" म्हणता येत नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की तुमची शेतं कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलंय. हे वाक्य मी उसाच्या पट्ट्यातल्या एका मंडळीत वाचलं, तेव्हा पुढच्या बाकावरचे दोघं-तिघं बागायतदार खाली बघत होते. पुढच्या वर्षी त्यातल्या एकानं फडाशेजारी टोळीसाठी पाण्याची टाकी ठेवली. एवढंच झालं. पण झालं.

शब्बाथावर येशूनं एक गोष्ट सांगितलीय ती सगळ्याच नेमणुकींना लागू करता येते: शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही. विवाहाबद्दल असं म्हणून बघ. कुटुंबाबद्दल, सरकारबद्दल, मंडळीच्या पंच कमिटीबद्दलसुद्धा.

आता विवाह, आणि माझी चूक.

सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई माझ्याकडे आली. नवरा पिऊन मारायचा. मी तिला समोर बसवून इफिसकरांस पत्रातला पाचवा अध्याय उघडला, स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा, हे वाचलं, प्रार्थना केली आणि तिला परत पाठवलं. मला वाटलं, देवानं नेमलेली व्यवस्था मी सांभाळली. तिसऱ्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी ती आली तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये. भाकरीचं ताट तिच्यापुढं आलं, तिनं डाव्या हातानं तुकडा घेतला. मग पेल्यांचं ताट आलं. एका हातात भाकर, दुसरा गळ्यात बांधलेला; पेला घ्यायला तिच्याकडे हातच नव्हता. शेजारच्या म्हातारीनं पेला उचलून तिच्या ओठाला लावला. मी वेदीपाशी उभा राहून बघत होतो.

त्या रात्री तोच अध्याय परत वाचला. मी सुरू केलं होतं त्याच्या आधीच्या ओळीत, ५:२१ मध्ये, एकमेकांच्या अधीन असा, असं आहे. पुढं नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं दे. आणि "तो तुझ्यावर स्वामित्व चालवील" हे वाक्य उत्पत्तीत कुठं आहे? तिसऱ्या अध्यायात, पापानंतर. काही अभ्यासक नवऱ्याचं मस्तकपण, म्हणजे घरातलं प्रमुखपण, आरंभापासूनचं मानतात, काही मानत नाहीत. त्या वादात तुला ओढत नाही. पण दोन्हीकडचे कुणीही स्वामित्व गाजवणं हे एदेनमधलं, पापाआधीच्या त्या बागेतलं आहे असं म्हणत नाहीत. दुसऱ्या अध्यायात हव्वेला अनुरूप साहाय्यक म्हटलंय, आणि तो साहाय्याचा इब्री शब्द जुन्या करारात बहुतेक वेळा खुद्द देवासाठी येतो. "मला साहाय्य कोठून येईल?" या १२१ व्या स्तोत्रातलं साहाय्य तेच. साहाय्यक म्हणजे हाताखालची, हा अर्थ आपण घातला.

आणि लाज वाटण्याजोगी एक गोष्ट. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच कायदा केला होता. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी त्याच शहरात मी त्या बाईला परत पाठवलं.

इथूनच शासनाकडे वळता येईल. शासन हे विवाहासारखं एदेनमधलं आहे का, यावर मंडळीत जुना मतभेद आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपनं लिहिलं की देवानं माणसाला पशूंवर अधिकार दिला, माणसावर नाही. माणसानं माणसावर सत्ता चालवणं पापानंतरचं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक लूथरही शासनाला पापावरचा उपाय मानायचा. मला हे पटतं. पण उपाय म्हणजे तुच्छ नव्हे, औषधही उपायच असतं. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, अधिकारी तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे. हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता. म्हणजे देवाचा सेवक ठरायला अधिकारी ख्रिस्ती असावा लागत नाही. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हे "तुझ्या हितासाठी" नाही तर काय? मी प्रवचनात हे सांगितलं तेव्हा एका पंचांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, हिंदू राजाचं उदाहरण पुलपिटावर कशाला? मी म्हटलं, पौलानं तर नीरोचं घेतलंय.

उलट बाजूही त्याच पुस्तकात आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राणी ईजबेलनं राजाच्या नावानं खोटा खटला उभा करून त्याला मारवलं, आणि देवानं एलीया या संदेष्ट्याला थेट राजाच्या समोर उभं केलं. मिसरातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी फारोचा हुकूम मोडून मुलं जगवली, देवानं त्यांची घरं वसवली. प्रेषितांची कृत्ये ५:२९ तर तुला पाठच असेल: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. नेमणूक देवाची असली तरी तिला हद्द असते. डच पाळक आणि पुढं पंतप्रधान झालेला अब्राहम कायपर यानं १८८० मध्ये ॲमस्टरडॅमचं विद्यापीठ उघडताना हेच मांडलं: कुटुंब, मंडळी, राज्य, विद्या, प्रत्येकाला आपापल्या क्षेत्रापुरता अधिकार, आणि तो सरळ देवाकडून, एकानं दुसऱ्याच्या कुंपणात शिरू नये.

आता तुझ्या वडिलांच्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो, आपल्यातली मुलगी.

इथं मला दक्षिण आफ्रिका आठवते. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेनं १८५७ मध्ये ठराव केला की गोऱ्या आणि काळ्या सभासदांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे. पण काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळ्या जागी भक्ती करायला हरकत नाही. ठरावातच शब्द होता, दुर्बलता. १८८१ मध्ये वेगळी मंडळीच निघाली. आणि १९७० च्या दशकात त्याच चर्चनं बाबेलच्या बुरुजाचे, म्हणजे देवानं माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवलं त्या गोष्टीचे दाखले देत वंशावंशांनी वेगळं राहण्याला शास्त्राचा आधार दाखवला. सवलत म्हणून घातलेली भिंत शंभर-सव्वाशे वर्षांत पाया म्हणून मिरवायला लागली. तिच्याविरुद्ध १९८२ मध्ये त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीनंच बेलहार इथं विश्वासाचा अंगीकार लिहिला.

आपलं काय झालं? रॉयल वाइल्डर हा मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आला, त्याच्या कामातून इथं मंडळी उभी राहिली. वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांतून लोक आले, एका पेल्यातून प्रभुभोजन घेऊ लागले, आणि त्या काळात तेवढंही कमी नव्हतं. पण सोयरिकीची वेळ आली की जुनी वहिवाट पुढं यायची. सुरुवातीला कदाचित तीही दुर्बलताच असेल: ओळखीचं घर, ओळखीचं गाव. पुढं तिचं "आपल्यातलं" झालं. आणि आता तुझे वडील म्हणतात की ती देवानं बांधली. पौल अथेन्समध्ये म्हणाला, देवानं एकापासून मनुष्यांची सगळी राष्ट्रं निर्माण केली. त्या एकाखाली दुसरं काही नाही. जात आरंभी नव्हती, एदेनमध्ये नव्हती, नोहाच्या तारवात नव्हती. ती नुसती फरशीवर उभी आहे. आणि तिला देवाचं नाव देणं म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेणं आहे, तिसरी आज्ञा मोडणं आहे, असं मी तुझ्या वडिलांच्या तोंडावर म्हणायला तयार आहे.

पण पहिला मुद्दा, बापाचा शब्द, तो तसा उडवून लावू नकोस. आईबापाचा मान राखणं दहा आज्ञांतलं आहे. मान राखणं आणि तीस वर्षांच्या उंबरठ्यावर प्रत्येक शब्द पाळणं, यात फरक आहे. पुरुष आईबापांना सोडून आपल्या बायकोशी जडून राहील, हेही त्याच देवानं सांगितलंय आणि तेही पापाच्या आधी. त्या "सोडून" मध्ये घर बदलणं येत असेल-नसेल, पण शेवटचा शब्द कुणाचा हे बदलतं. उलट दिशेनंही सावध राहा. मार्क ७ मध्ये येशू अशा मुलांवर चिडतो जी "हे मी देवाला अर्पण केलंय" म्हणून म्हाताऱ्या आईबापांना द्यायचं ते देत नाहीत. लग्न मनासारखं केलं आणि मग वडिलांच्या औषधाचे पैसे थांबवले, अशी दोन उदाहरणं मी बघितलीत. तू तसलं काही करायचं नाहीस.

व्यवहाराचं: तुझं वय कायद्यात बसतं, तिचंही बसत असेल, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे सूचना देऊन लग्न लागेल, वडिलांच्या सहीवाचून अडत नाही. पण लगेच त्या वाटेनं जाऊ नकोस. घरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होत असेल. तिच्यात चार दिवस रूथचं पुस्तक घे, रोज एक अध्याय. वाचायला वडिलांना सांग, त्यांचा आवाज घरात चालतो तर तो याच कामाला लागू दे. शेजारच्या मवाब देशातल्या, मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नका, असं अनुवाद २३ मध्ये आहे, आणि रूथ मवाबी. तरी बेथलेहेमचा शेतमालक बवाज वेशीत बसून सगळ्यांसमोर तिला बायको करतो, आणि वेशीतले वडीलजन म्हणतात, परमेश्वर या स्त्रीला राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो. त्या पुस्तकाच्या अखेरीस वंशावळ आहे, ती दाविदापर्यंत जाते. मत्तयानं तीच पुढं येशूपर्यंत नेली आणि रूथचं नाव त्यात ठेवलं.

चौथ्या दिवशी ती वंशावळ वडिलांना पूर्ण वाचू दे. मध्ये बोलू नकोस. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं तर सांग, नाही विचारलं तर जेवायला बसा. आठ दिवसांनी मला फोन कर, मी येऊन त्यांच्याशी चहा घेईन.